वारा पडला की काकू दाराकडे बघत

वीजघरात त्यांना सगळे आलोचकाका म्हणत. फोन वाजला आणि पलीकडून कुणी ‘किती वेळ लागेल?’ असं विचारलं की ह्यांचं उत्तर ठरलेलं, “आलोच!” बोलावणारा कुणी का असेना, काम काय का असेना. ताटावर बसलेले असले तरी आलोच, अंगाला साबण लावलेला असला तरी आलोच. काकूंनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी सुनावलं होतं, “तुमचं आलोच म्हणजे गेलोच असतं.” काका हसले होते. तशी धडधाकट बाई ती, दोन शब्द सुनावून पुन्हा आपल्या कामाला लागणारी. पुढे काय वाढून ठेवलंय ते कुणाला कळतं का?

आता काकांचं काम काय, ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गावाबाहेर एक जुनं, तेलावर चालणारं वीजघर होतं. उंच भट्टी, तिच्यावर बॉयलर, आणि शेजारच्या लांबलचक हॉलमध्ये एक टर्बाइन. पूर्वी ते दिवसरात्र धडधडायचं. मग समोरच्या डोंगरधारेवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि वीजघराचे दिवस फिरले. फिरणारच हो! वाऱ्याला कुणी बिल पाठवत नाही. तो फुकट वीज देत असताना महागाचं तेल जाळायला लोक काय खुळे आहेत?

पण वाऱ्याची एक खोड होती. उन्हाळ्यात दिवसभर नुसता भणाणायचा आणि बऱ्याचदा नेमका दिवेलागणीला पडायचा. दिवेलागणीलाच तर सगळ्या दुनियेला वीज हवी असते. माणसं घरी येतात, दिवे लागतात, पंखे लागतात, कूलर लागतात, पाण्याचे पंप लागतात. मागणी चढत जाते. शहरातल्या लोड कक्षात, म्हणजे कुठली वीज कुठे पाठवायची हे जिथून ठरतं तिथे, त्याला पीक लोड म्हणतात. काका नुसतं ‘चढ’ म्हणत. “ऐन चढावर बैल बसावा तसा बसतो हो हा वारा,” असं ते म्हणायचे आणि ते खोटं नव्हतं.

त्या चढासाठी म्हणून वीजघर ठेवलं होतं. वर्षातून मोजक्याच संध्याकाळी त्याची गरज, पण त्या संध्याकाळी ते नसेल तर अर्धं शहर अंधारात. घरात कसं, मोठं पातेलं वर्षातून दोनदा लागतं, पण म्हणून भंगारात देता येत नाही. फरक इतकाच, की पातेलं फळीवर गप पडून राहतं आणि ह्या पातेल्याला माणसं लागत, टाकीत तेल लागे, आणि उन्हाळाभर बॉयलर कोमट ठेवावा लागे. तो सगळा खर्च त्या मोजक्या संध्याकाळींच्या डोक्यावर बसायचा. म्हणून तिथली वीज सोन्याच्या भावाची.

शिफ्टला दोन माणसं, काका आणि एक भट्टीवाला. दिवसाचं मुख्य काम काय, तर वाट बघणं. आणि एक, अर्धा फेरा देणं. बंद पडलेलं टर्बाइन नुसतं पडू द्यायचं नसतं. आतला रोटर म्हणजे हा एवढा जाड लोखंडी दांडा. एकाच बाजूवर पडून राहिला तर स्वतःच्याच वजनानं वाकतो. केसाइतका जरी वाकला, तरी पुन्हा सुरू करताना सगळी इमारत थरथरते. म्हणून रोज त्याला लांब पहार लावून अर्धा फिरवायचा. आज वरची बाजू खाली, उद्या खालची वर. दांड्याच्या टोकावर खडूची खूण केलेली असे. त्या रिकाम्या, थंड हॉलमध्ये काका पहारीवर भार टाकत आणि दांडा आतून एकदा कण्हायचा. नवा भट्टीवाला पहिल्या दिवशी तो आवाज ऐकून बाहेर पळाला होता.

काकूंच्या अंगावरून वारं गेलं ते पवनचक्क्या सुरू झाल्या त्याच आठवड्यात. लोक अर्धांगवायूला तसंच म्हणतात, त्यात नवल काही नाही. पण काकू तेव्हा मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या, धारेवरची पहिली पाती हळूहळू फिरायला लागलेली बघत होत्या, आणि बघता बघता ओल्या चादरीसकट खाली बसल्या त्या बसल्याच. वाचा गेली. उजवं अंग गेलं. डावा हात तेवढा थोडा हलायचा, आणि डोळे.

“डोळ्यांदेखत गेलं दादा ते त्यांच्या अंगावरून,” टाचणी म्हणायची. टाचणी म्हणजे काकांची धाकटी बहीण. बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र टाकून शिवणकाम करायची, आणि बोलायचीही तशीच टोचून, म्हणून टाचणी. नवरा गेल्यापासून ती ह्यांच्याकडेच राहायची आणि वहिनीचं सगळं तीच बघायची. जीभ धारदार, पण हात लोण्यासारखा मऊ.

डॉक्टर म्हणाले, एका अंगावर पडू देऊ नका, कूस बदलत राहा. काका म्हणाले, “डॉक्टर, हे मला शिकवायला नको.” मग एक हवेची गादी आणली. तिला एक लहानसा पंप असतो, तो गादीतल्या नळ्या आळीपाळीनं फुगवतो आणि सोडतो. पडलेल्या माणसाला खालून सारखं थोडं थोडं हलवत राहतो. घर्र घर्र असा त्याचा आवाज त्या खोलीत दिवसरात्र असायचा.

खोली साधीच. वीजघराच्या कुंपणाला लागून कंपनीनं दिलेलं घर, त्याची मागची खोली. एक पलंग, एक कपाट, बाजूला एक खिडकी, तिच्यातून धार नाही, नुसती झाडं दिसायची. पायथ्याशी मागचं दार, ते वीजघराकडे आणि धारेकडे उघडणारं. हे दार नेहमी बंद असायचं. त्याच्या वरच्या बाजूला हवेसाठी एक जाळी, आणि दाराला खिळा. त्या खिळ्याला काकांचा कामाचा निळा सदरा. काकू धड होत्या तेव्हा तो तेलकट सदरा घरात येऊ द्यायच्या नाहीत. आता त्यांना बोलता येत नव्हतं म्हणून तो आत आला होता. टाचणी कुरकुरायची, “दादा, आजाऱ्याच्या खोलीत हा घाण वास कशाला?” काका म्हणायचे, “असू दे गं. फोन आला की ओढला आणि पळालो.”

पुढच्या उन्हाळ्यात पहिल्यांदा ते झालं. संध्याकाळची वेळ. काका काकूंना चमच्यानं भरवत होते. काकूंनी तोंड मिटलं आणि नजर दाराकडे नेली. अशी नेली, की काकांना वाटलं, कुणीतरी आलंय. उठून दार उघडलं. अंगणात कुणी नव्हतं. काका आत वळणार, तोच त्यांचं लक्ष धारेकडे गेलं. पाती मंदावत होती. एक थांबलं, मग शेजारचं, मग पुढचं, जणू कुणी त्या धारेवरून एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत चाललं होतं. काका बघत उभे राहिले. थोड्या वेळानं फोन वाजला, वारा पडतोय, घ्या सुरू करायला.

दुसऱ्यांदा झालं तेव्हा काका म्हणाले, योगायोग. तिसऱ्यांदा झालं तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला. चौथ्या वेळी त्यांनी फोनची वाट बघितली नाही.

ह्यात फायदा किती, ते समजून घ्या. कोमट बॉयलर गरम व्हायला वेळ लागतो. फोन येईपर्यंत थांबायचं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायची. काका आधीच निघत आणि लोड कक्षातून फोन येई तेव्हा वाफ तयार असे. तिथे एक बसक्या आवाजाची बाई फोनवर असायची. इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, पण आवाजाची ओळख घट्ट. ती म्हणायची, “काका, माझ्यापुढे एवढे मोठे पडदे लावलेत, ढगांची चित्रं येतात, वाऱ्याचे अंदाज येतात. आणि वारा पडलेला तुम्हाला माझ्याआधी कळतो. कोण सांगतं हो तुम्हाला?”

“घरात आहे एक जण,” काका म्हणायचे.

नेहमी तसंच. काकूंचे डोळे दाराकडे जात आणि डावा हात चादरीवरून इंचाइंचानं दाराच्या बाजूला सरकायचा. काका वाकून विचारत, “जाऊ ना?” काकू पापण्या मिटत. एकदा मिटल्या म्हणजे ‘हो’, असं काकांनी ठरवून टाकलं होतं. मग सदरा ओढायचा, “आलोच” म्हणायचं, की निघाले.

टाचणीला मात्र हे बघवत नसे. तिन्हीसांजा झाल्या की ती बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र जोरजोरात चालवायला घ्यायची, कापड असो नसो. एकदा काकांना म्हणाली, “बंद दाराकडे काय बघतात रे त्या? त्या वेळी वहिनींच्या डोळ्यांत दुसरंच कुणीतरी येऊन बसतं. मला भीती वाटते.”

“वेडी आहेस. तिच्या अंगावरून गेलंय ना वारं, तिला कळतं त्याचं.”

हे बोलून झालं आणि काकांनाच कसंसं झालं. पण बोलले ते मनापासून बोलले. त्यांना आत कुठेतरी अभिमान होता. बायको अशी पडलेली, तरी अजून आपल्या संसाराला हातभार लावते आहे, ह्याचा.

मग काही उन्हाळ्यांनंतर हिशेबवाले साहेब आले. वरच्या कार्यालयातून आलेला तरुण माणूस, बोलायला मऊ, कामाला चोख. वीजघर ठेवायचं की मोडायचं हे ठरवण्यासाठी उन्हाळाभर त्यांचा मुक्काम होता. मोडलं तर त्या जागी मोठ्या बॅटऱ्या बसवायच्या होत्या. भरपूर वारा असेल तेव्हा वीज साठवायची आणि चढाला सोडायची. माणसं दूरच्या दुसऱ्या वीजघरात पाठवायची.

काका म्हणाले, “गरज सरो, वैद्य मरो. चालायचंच.”

“गरज सरली असती तर बरं होतं हो काका,” साहेब म्हणाले. “तोच तर घोळ आहे. वाऱ्यानं वर्षाचा तेलाचा खर्च किती खाली आणला, पण चढाची एक संध्याकाळ सुटत नाही. वाऱ्याच्या भरवशावर शहर सोडायचं म्हणजे वाऱ्यावरच सोडल्यासारखं. आणि तुमचं हे घर चालवलं तरी महाग, नाही चालवलं तरी महाग.”

शेवटी त्यांनी सरळ सांगितलं. ह्या उन्हाळ्यात दोन गोष्टी बघणार. वारा पडेल तेव्हा वीजघर वेळेवर हजर हवं. आणि वारा असताना उगाच तेल जाळलेलं एकदाही चालणार नाही. दोन्ही जमलं तर आणखी काही वर्षं वीजघर राहील.

काका तडक घरी आले. नोकरीचं त्यांना फार नव्हतं, ती कुठेही मिळाली असती. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, काकूंना हलवायचं नाही, लांबचा प्रवास त्या सोसणार नाहीत. वीजघर गेलं तर घर जाणार, आणि काकांना एकट्यालाच जावं लागणार. इथे निदान दिवसातून दहा वेळा कुंपण ओलांडून त्यांना बघून तरी येता येत होतं. काका पलंगावर बसले आणि काकूंचा डावा हात हातात घेऊन म्हणाले, “एवढा उन्हाळा सांभाळून घे गं. चुकू नकोस. मग कुठेच जायचं नाही बघ मला.”

काकूंनी चक्क त्यांच्याकडे बघितलं. दाराकडे नाही.

आणि काकू चुकल्या नाहीत. एकदा साहेब चहाला घरी आले असताना झालं. साहेबांनी मांडीवर लॅपटॉप उघडून दाखवलं, आज वारा पुष्कळ आहे, पडायचा नाही. बाजूच्या खिडकीतून झाडं हलताना दिसत होती. तेवढ्यात काकूंची नजर फिरली. हात सरकायला लागला. काका कप ठेवून उठले, विचारलं, सदरा ओढला, “आलोच” म्हणून गेलेसुद्धा. साहेब म्हणाले, “अहो, पण वारा आहे की!”

टाचणी म्हणाली, “थांबा जरा.”

दोघं बसून राहिली. पंप घर्र घर्र करत होता. काकू बंद दाराकडे बघत होत्या. मग बाहेरचा आवाज कमी होत होत गेला, आणि खिडकीतली झाडं उभीच्या उभी थांबली. एक पान हलेना. साहेबांनी लॅपटॉप मिटला. त्यानंतर ते पुन्हा कधी आत आले नाहीत, काय बोलायचं ते पायरीवरून बोलायचे. एकदा म्हणाले, “काका, अहवालात सगळं लिहीन, हे कसं लिहू?”

“नका लिहू. वेळेवर पोचलो, एवढंच लिहा.”

उन्हाळा सरत आला. एकही वेळ चुकली नव्हती, एक थेंब तेल फुकट गेलं नव्हतं. काकांच्या जिवात जीव यायला लागला होता. आणि मग ती संध्याकाळ आली.

त्या दिवशी वारा म्हणजे वारा होता! दारं आपटत होती, अंगणातली बादली लोळत कुंपणापर्यंत गेली होती, धारेवरची पाती दिसेनाशी फिरत होती. असला वारा पडत नसतो, हे लहान पोरालाही कळलं असतं. काका निवांत पलंगाशी बसले होते. आज काही फोन नाही, आज रात्रीपर्यंत इथेच बसायचं, असं त्यांनी टाचणीला सांगितलंसुद्धा.

दिवे लागले आणि काकूंची नजर दाराकडे गेली.

काका हसले. “आज नाही गं,” म्हणाले. पण नजर हलेना. हात सरकायला लागला, आणि रोज जिथे थांबायचा तिथे थांबला नाही. पलंगाच्या कडेपर्यंत गेला. बोटांनी कड धरली.

टाचणी दारात येऊन उभी राहिली होती. “दादा, आज जाऊ नकोस. ऐकतोयस ना वारा?”

“आजवर कधी चुकली का ती?”

“चुकल्या नाहीत. पण आज जाऊ नकोस.”

“आणि पडला म्हणजे? शेवटच्या आठवड्यात सगळ्यावर पाणी? तुला काय, तुला शिलाई आहे. मला हिला टाकून जावं लागेल, कळतंय का?” काका कधी नव्हे ते ओरडले. मग काकूंवर वाकले. “जाऊ ना?”

पापण्या मिटल्या नाहीत.

“अगं, जाऊ ना?”

काकू बघतच होत्या, दाराकडे. काका वाट बघत राहिले. पंपाचा आवाज तेवढा येत होता. मग काकांना वाटलं, मिटल्या. नक्की मिटल्या. त्यांनी खिळ्यावरचा सदरा ओढला, तो वाऱ्यानं असा फडफडत होता की बाही त्यांच्या तोंडावर बसली. “आलोच,” म्हणाले आणि दार ओढून घेतलं.

भट्टीवाल्यानं तेल सोडलं. बॉयलर तापला, वाफ आली, रोटर फिरायला लागला. काकांनी स्वतःच लोड कक्षात फोन लावला. बाई म्हणाली, “काका, सुरू करायला कुणी सांगितलं? धारेवर सगळं पूर्ण जोरात आहे. मी उलट बाकीची यंत्रं बंद करत बसलेय.”

“पडेल. धरून ठेवा फोन. पडेल आता.”

बाईनं फोन धरून ठेवला. तिकडे मागणी चढत गेली, चढली, आणि सगळीच्या सगळी वाऱ्यानं पेलली. वारा पडला नाही. काकांची वीज कुणालाच नको होती. शेवटी भट्टीवाल्यानं विचारून वाफ वरच्या नळीतून आकाशात सोडली. तिची किंकाळी घरापर्यंत ऐकू गेली असणार. फाटकाशी हिशेबवाले साहेब उभे होते. त्यांनी वर जाणारी पांढरी वाफ बघितली, काकांकडे बघितलं आणि निघून गेले.

काका कुंपण ओलांडून आले तेव्हा टाचणी मागच्या पायरीवर बसली होती. शिवणयंत्राचा आवाज नव्हता.

“वहिनी गेल्या,” ती म्हणाली.

काका अंगातला सदरा काढायला लागले.

“तू गेलास आणि थोड्या वेळानं श्वास अडकायला लागला. मी हात धरला तर तो सोडवून घेत होत्या. दाराकडेच बघत होत्या, शेवटपर्यंत.”

“फोन का नाही केलास?”

“किती वेळा केला! तुझा फोन लागेल तर ना. तू बोलतच होतास कुणाशी तरी. आणि त्यांना एकटं टाकून पळत येणार कशी?”

वारा तसाच भणाणत होता. बादली अजून कुंपणाशी आपटत होती.

पुढचे दिवस गेले तसे गेले. साहेब भेटायला आले, पायरीवरच उभे राहून म्हणाले, “काका, ती एक वेळ मी धरत नाही.” काका म्हणाले, “धरा साहेब. तेल जळलं ते जळलं. आणि आता मला कुठेही पाठवा, कुणाला हलवायचं राहिलंय?” काका सकाळी जाऊन रोटरला अर्धा फेरा देऊन येत आणि मागच्या खोलीत बसून राहत. टाचणीनं विचारलं, गादी परत देऊन टाकू का? ते म्हणाले, असू दे. पंपही बंद करू दिला नाही. रिकामी गादी आपली फुगत होती, बसत होती.

एका संध्याकाळी टाचणी शिवलेले कपडे द्यायला बाहेर गेली होती. काका त्या पलंगावर आडवे झाले, काकू पडायच्या तसेच, त्याच उशीवर. खालून गादी त्यांना हळूच एका अंगावर ढकलायला लागली. त्यांनी काकूंसारखीच नजर दाराकडे नेली.

तिथून धार दिसत नव्हती. आकाश दिसत नव्हतं. दिसत होता तो फक्त निळा सदरा.

वरच्या जाळीतून वारा येत होता आणि सदरा खिळ्याला हलत होता. काका बघत राहिले. बघता बघता सदऱ्याचं हलणं कमी झालं. बाही एकदा हलली आणि थांबली. सदरा सरळ खाली लोंबला. बाजूच्या खिडकीत झाडं अजून हलत होती.

काका स्वतःशी हसले. एवढंच होतं तर! म्हणजे जादू नव्हती, अंगात आलेलं काही नव्हतं. धारेकडचा वारा आधी पडायचा, ह्या जाळीतून कळायचा. सदरा थांबला की आता फोन येणार, नवरा जाणार, हे तिला पाठ झालेलं. ती सदऱ्याकडे बघायची. आणि हात, तो ‘जा’ म्हणून सरकत होता असं कुणी सांगितलं? पापण्या मिटल्या म्हणजे ‘हो’, हे तिला कुणी विचारलं होतं?

मग त्यांना ती संध्याकाळ आठवली. त्या संध्याकाळी सदरा फडफडत होता. बाही तोंडावर आपटली होती. थांबायचं नावच नव्हतं त्याला. तरीही ती बघत होती. तेव्हा वाऱ्याचा काही संबंधच नव्हता. तिला एवढंच हवं होतं, की तो सदरा आज खिळ्यावरच राहावा.

काकांच्या तोंडून आवाज आला तो त्यांना स्वतःला ओळखू आला नाही.

उशाशी ठेवलेला फोन वाजायला लागला. झाडं आता थांबली होती. फोन वाजून वाजून बंद झाला, पुन्हा वाजला, बंद झाला. काका उठले नाहीत. पलीकडे कोमट बॉयलर तसाच होता, भट्टीवाला त्यांची वाट बघत असणार. दिवेलागण झाली होती. खोलीतला दिवा एकदा पिवळा पडला, सावरला, आणि गेला. पंप बंद पडला. तो आवाज इतक्या वर्षांत पहिल्यांदाच थांबला होता, आणि त्या शांततेत गादीनं हळूहळू सगळी हवा सोडली, लांबलचक, कुणीतरी शेजारी पडून उसासा टाकावा तशी. डाव्या अंगाची गादी आधी बसली. काकांनी तिकडे हात नेला आणि तिथेच ठेवला.

फोन तिसऱ्यांदा वाजला. ह्या वेळी त्यांनी तो कानाला लावला.

“काका!” बाईचा बसका आवाज रडकुंडीला आला होता. “वारा पडलाय हो. तुमच्या भागाची वीज तोडावी लागली मला. आणखी दोन भागांची तोडावी लागेल. कुठे आहात? किती वेळ लागेल?”

काका अंधारात दाराकडे बघत होते.

“काका? आलोच म्हणा ना.”

“नाही बाई,” काका म्हणाले. “थोडं थांबा. तिनं हात धरलाय माझा. ती झोपली की येतो.”

काकू गेल्याचं बाईला माहीत होतं, तिनंच फोन करून काकांचं सांत्वन केलं होतं. तिनं फोन ठेवला नाही, आणि काकांनीही ठेवला नाही.